खालून गेलेली लिंबोणी

आर्डिस कोलस्टॅड औषधांच्या दुकानात शिरायची ती सरळ मागच्या फळीशी जायची, मोठ्या माणसांच्या डायपरचे दोन-तीन गठ्ठे काखेत मारायची आणि रांगेत उभी राहायची. उघड उघड, कुणाची भीडभाड न ठेवता. आमच्या पार्कातल्या बायका मागे कुजबुजायच्या, "बिचारी! वय झालं आता." आर्डिस ते ऐकायची आणि त्यांना खुशाल हळहळू द्यायची. खरं तर तिचं सगळं ठणठणीत होतं. ते डायपर ती टांगत्या कुंड्यांत घालायची, तळाला, काथ्याच्या अस्तरावर. त्यावर माती, त्यात रोप. आमच्याकडे जूनमध्ये उजाडता घातलेलं पाणी न्याहारीपर्यंत उडून जातं. डायपर ते दिवसभर धरून ठेवतं. ही युक्ती फुटण्यापेक्षा लोकांनी आपल्या मूत्राशयाची कीव केलेली तिला चालायची. एवढ्यावरून बाई काय चीज होती ते लक्षात यावं.

मी तिचा समोरचा शेजारी, व्हर्ल. नेब्रास्कात जन्मभर लोकांचे फ्रिज दुरुस्त केले आणि म्हातारपणी हाडं शेकायला या वाळवंटात आलो. झाडांशी माझं काही देणंघेणं नाही. माझ्या दारात एक प्लास्टिकचं निवडुंग होतं, तेही उन्हानं तडकलं.

पालो सेको पार्क म्हणजे बागबिग नव्हे. फिनिक्सच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, पत्र्याच्या घरांच्या रांगा. पंचावन्नच्या पुढच्यांनाच इथे जागा मिळते. घरांना म्हणायचं मोबाइल होम, म्हणजे चालतं घर. नाव मोठं, लक्षण खोटं! माझं घर इथे आणून टेकवलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. तेव्हापासून ते तसूभर हललेलं नाही. पण खाली कुजकी का होईना चाकं आहेत, मागे नंबराची पाटी आहे, म्हणून कायद्याच्या लेखी ते वाहन. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. आमची घरं फिरत नाहीत आणि त्यांना वासेही नाहीत.

घर आपलं, पण खालची जमीन कंपनीची. म्हणून फाटकावरच्या फळ्यावर पहिला नियम: रहिवाशांनी जमिनीत काही लावू नये. जमिनीत जे आहे ते पार्कचं. झालं. ज्याला म्हणून हिरवं बघायची हौस, त्यानं ती कुंडीत भागवायची.

आणि कुंडीवाल्यांच्या जगात एका गोष्टीला फार भितात. कुंडी एकाच जागी पडून राहिली की झाडाचं मूळ तळाच्या भोकातून हळूच बाहेर पडतं आणि जमीन धरतं. वरून काही कळत नाही. उलट झाड एकदम तरारतं. त्याला आमच्यात म्हणतात, ‘खालून गेलं’. खालून जाऊ देणं हा आळशीपणा, बेशिस्त, जवळजवळ चारित्र्याचा प्रश्न. म्हणून आठवड्याला प्रत्येक कुंडी जागच्या जागी गरकन फिरवायची, की चोरटं मूळ तुटतं. थंडीपुरते येणारे आणि उन्हाळा लागताच उत्तरेकडे पळणारे आमचे पाहुणे-रहिवासी असतात ना, त्यांच्यातला एखादा परत जाईनासा झाला, की त्यालाही हाच शब्द. "तो आयोवावाला? तो खालून गेला." असं म्हणून माना हलवायच्या.

आर्डिस आणि सेल्मर नॉर्थ डकोटातले. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं हजारो पोरांना बटाटे वाढले, त्यानं शाळेची बस चालवली. इथे आले तेव्हा सेल्मर सगळ्यांना सांगायचा, "आम्ही काय, कुंडीतले. दोन थंड्या काढू आणि जाऊ गावी." येताना रस्त्यात त्यानं कुठल्याशा नर्सरीतून मोडीत काढलेली लिंबोणीची काटकी आणली आणि दारूचं लाकडी पिंप मधोमध कापून त्यात लावली. ती काटकी कित्येक वर्षं काटकीच राहिली. सेल्मर रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. मी विचारायचो, "काय बघतोस रे?" म्हणायचा, "फूट येतेय का ते." मग एका वसंतात सेल्मर गेला. आणि त्याच उन्हाळ्यात लिंबोणी जी सुटली, ती छपराच्या वर गेली. फळं अशी की फांद्यांना टेकू द्यावे लागले. अर्ध्या पिंपात एवढं झाड! लोक पलीकडच्या पार्कातून बघायला यायचे. आर्डिस म्हणायची, "खताचं प्रमाण," आणि विषय बदलायची.

उन्हाळ्यात ती पार्कभरच्या कुंड्यांचं वसतिगृह चालवायची. उत्तरेचे पाहुणे एप्रिलमध्ये पळायचे तेव्हा आपापली लेकरं तिच्या दारात सोडून जायचे. सकाळी सावली घराच्या पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. म्हणून सगळ्या कुंड्या पोरांच्या खेळण्यातल्या लाल गाड्यांवर. दिवसातून दोनदा ती ही वरात घराभोवती ओढायची. चाकं अशी किरकिरायची की मुडद्याला जाग यावी. टांगत्या कुंड्यांसाठी वेगळी सोय: कपडे वाळत घालायची ती फिरती छत्री असते ना, एका खांबावर, तिच्या प्रत्येक दांडीला सदाफुली नाहीतर ऑफिस टाइमचं रोप लटकवलेलं. तासातासाला येऊन ती छत्री जरा फिरवायची, म्हणजे घराच्या सावलीत प्रत्येकाचा नंबर लागेल. वर प्रत्येक कुंडीत बर्फाचे दोन-दोन खडे. तो बर्फ माझ्या फ्रिजातला.

वसतिगृहातली सगळ्यात लाडकी पोर म्हणजे बिट्रिस. कॅनडाच्या मॉफट जोडप्याची टांगती पिटुनिया. पिटुनिया इथे थंडीपुरती. मे महिना लागला की तिचा पापड होतो, देव आला तरी वाचवू शकत नाही. पहिल्याच वर्षी बिट्रिस वारली. मॉफट मंडळी परतायच्या आदल्या दिवशी आर्डिसनं नर्सरीतून नवी आणून त्याच कुंडीत बसवली. फर्न मॉफट गाडीतून उतरली ती धावतच, "अगं बाई, केवढी झाली माझी बिट्रिस!" त्या क्षणाला आर्डिसच्या तोंडून खरं निघालं नाही, ते पुढे दरवर्षीच निघेना. फर्ननं तिकडे सगळ्या गावाला सांगितलं होतं की माझी पिटुनिया आता शाळेत घालायच्या वयाची झाली.

असं सगळं छान खोटं चाललं होतं आणि मग नवा मॅनेजर आला, ग्रॅडी पोस्ट. चाळिशीचा. पार्कात पंचावन्नच्या आतला तो एकटाच, आणि त्याचंच त्याला ओझं. सगळीकडे गोल्फच्या गाडीतून फिरायचा आणि गाडी लावायचा नेमकी आर्डिसच्या लिंबोणीखाली, कारण पार्कात झाडाची दुसरी सावलीच नव्हती. तिथे बसून तो लोकांना नोटिसा लिहायचा. तीन नोटिसा झाल्या की जागा खाली करायची, हा नियमच.

आर्डिसला पहिली मिळाली ठिबकण्याबद्दल. कंपनीचे मोठे साहेब पाहणीला आले आणि तिच्या टांगत्या कुंडीखाली उभे राहिले. बर्फ वितळून थेंब थेट टकलावर. साहेबांनी वर बघितलं, आकाशात ढग नाही. त्यांनी हात जोडायचेच बाकी ठेवले होते, तेवढ्यात आर्डिस म्हणाली, "सरका जरा, ते पाणी ऑफिस टाइमचं आहे."

दुसरी मिळाली ऑगस्टात. त्या महिन्यात आमच्याकडे दक्षिणेकडून धुळीची भिंत येते. ती आली आणि फिरती छत्री जी गरगरायला लागली! आधी जत्रेतल्या पाळण्यासारख्या कुंड्या आडव्या झाल्या, मग एकेक दोरी तुटून सुटल्या. एक माझ्या पत्र्यावर. एक फाटकावर. आणि एक सरळ जाऊन ग्रॅडीच्या गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर, नीट बूड टेकून, एक पाकळी न सांडता बसली. ग्रॅडी कचेरीच्या दारात जीव मुठीत धरून उभा होता. धूळ खाली बसल्यावर आर्डिस त्याच्याकडे धावत गेली.

"फुटली का रे?"

"मी ठीक आहे, मिसेस कोलस्टॅड."

"तुझं नाही विचारलं. कुंडी!"

लगेच दुसरी नोटीस.

आता तिसरी मिळाली तर काय, हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं. फार्गोला तिची मुलगी कोरिन राहते. तिनं आईसाठी तळघरातली खोली तयार ठेवली होती. खिडकी छताजवळ, हातभर लांब, आणि अर्धं वर्ष तिच्यावर बर्फ. "तुला झाडं आवडतात ना, म्हणून भिंतीला नेचा लावलाय गं आई," असं कोरिन फोनवर म्हणाली होती. नेचा प्लास्टिकचा होता. पोरगी मनानं वाईट नाही, पण काही माणसांना देव कल्पनाच देत नाही.

ऑक्टोबरात पाहुणे परतले आणि ग्रॅडीनं फळ्यावर नवं फर्मान डकवलं: कुंडी म्हणजे जी हलते ती. जी हलत नाही ती लागवड, आणि लागवड तोडायची. पाहणीच्या दिवशी प्रत्येकानं आपली प्रत्येक कुंडी मॅनेजरसमोर हलवून दाखवावी.

त्या दुपारी आर्डिस माझ्या दारात आली. इतक्या वर्षांत बर्फाखेरीज तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"व्हर्ल, चाकं आहेत तुझ्याकडे?"

"कसली?"

"फ्रिज सरकवायची. लोखंडी."

"कशाला?"

"लिंबोणीला."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या तडकलेल्या निवडुंगाकडे बघत होती.

"आर्डिस, खरं सांग. खालून गेलीय ना?"

"हळू बोल की मेल्या! फर्न माझ्या घरात चहा पितेय." तिनं माझं दार मागे ओढून घेतलं. "गेलीय."

"कधीपासून?"

"तो गेला तेव्हापासून. ते पिंप फिरवायला दोन माणसं लागायची."

एवढंच म्हणाली.  समोर राहणारा मी. मला हाक मारली असती तर मी धावत गेलो असतो. पण तिनं मारली नाही, आणि मी आपणहून कधी विचारलं नाही. सांगूनच टाकतो, मला ती बाई फार आवडायची. त्या दिवशी मी मुकाट्यानं चाकं शोधून काढली.

पिंप उचलणं तर शक्य नव्हतं. मी चार चाकं पिंपाच्या बुडाशी बाहेरून स्क्रूनं बसवली, जमिनीला जेमतेम टेकतील अशी. भार त्यांच्यावर काडीचा नव्हता. नुसती शोभेची.

"ही फिरतील?" तिनं विचारलं.

"तुझ्या घराखालची फिरतात?"

 मग तिच्या तोंडावर असं काही हसू आलं की मला ग्रॅडीची दया आली.

पाहणीचा दिवस तापलेला होता. ऑक्टोबर नुसता कॅलेंडरात. सगळा पार्क तिच्या दाराशी जमला, आणि सावली एकच असल्यामुळे सगळे लिंबोणीखाली दाटीवाटीनं उभे. ग्रॅडीची गाडीही तिथेच. झाड तोडायचं की नाही याचा निवाडा त्याच झाडाखाली उभं राहून चालला होता, आणि कुणाच्या डोक्यात हे येत नव्हतं.

आर्डिसनं एकेक कुंडी हलवून दाखवली. लाल गाड्या किरकिरल्या. फिरती छत्री फिरली. मग ग्रॅडी पिंपाकडे वळला.

"आता ही."

"ही हलती आहे. चाकं बघ."

"चाकं दिसतायत मला. हलवून दाखवा."

"आधी तू माझं घर हलवून दाखव."

"घराचा काय संबंध?"

"त्याला तू काय म्हणतोस?"

"मोबाइल होम."

"म्हणजे चालतं. कधी चाललं?"

"तसं नाही, मिसेस कोलस्टॅड. त्याला चाकं आहेत, पाटी आहे. ते चालू शकतं असं धरायचं असतं."

"मग हिला चाकं आहेत. पाटी हवी तर व्हर्ल लावून देईल. ही चालू शकते असं धर."

गर्दीतून टाळ्या पडल्या. ग्रॅडी लाल झाला. "एवढं झाड अर्ध्या पिंपात जगूच शकत नाही! जमिनीत मूळ गेल्याशिवाय शक्यच नाही!"

इथे फर्न मॉफट पुढे आली. बाई ठेंगणी, पण आवाज बर्फातून हाका मारून तयार झालेला. "शक्य नाही? तुम्हाला आर्डिस माहीत नाही, साहेब. ज्या बाईनं माझी पिटुनिया इतके उन्हाळे जगवली, तिला एक लिंबोणी काय जड आहे? ही बघा बिट्रिस! हिच्या वयाची पिटुनिया दाखवा मला अख्ख्या जगात!"

सगळ्यांनी बिट्रिसकडे बघितलं. जांभळ्या फुलांनी डवरलेली, चार दिवसांपूर्वी नर्सरीतून आलेली बिट्रिस. आर्डिस आपल्या चपलेकडे बघत होती. मी आकाशाकडे.

 शेवटी ग्रॅडी तणतणत पिंपाकडे गेला, दोन्ही हात लावले आणि स्वतःच ढकललं. पिंप हललं नाही. त्यानं खांदा लावला. पिंप कुरकुरलं. तो मागे गेला आणि धावत येऊन आदळला.

वर्षानुवर्षं पाणी प्यालेलं लाकूड ते. वरचा लोखंडी पट्टा तुटला, मग खालचा, आणि फळ्या चारी बाजूंना फाकून पडल्या. माझं एक चाक मात्र सुटून गडगडत उतारावरून फाटकापर्यंत गेलं. तेवढंच काय ते हललं. माती खाली बसली आणि धूळ विरल्यावर दिसलं ते असं: पिंप नाही, कुंडी नाही, मांडीएवढ्या मुळांनी जमीन धरून लिंबोणी उभी. तिचं एक पानही हललेलं नव्हतं.

 पहिली बोलली फर्न, आणि एरवी पार्काच्या टोकाला ऐकू जाणारी बाई कुजबुजली.

"आर्डिस... खालून गेली होती?"

"हो."

"आणि आम्हाला सांगत होतीस खताचं प्रमाण?" मग तिनं हळूच मान वर केली. "आर्डिस. बिट्रिस?"

 आर्डिस म्हणजे हजारो पोरांना दटावलेली बाई, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्याच उन्हाळ्यात गेली गं. मला सांगवेना. तू गाडीतून अशी धावत आलीस..."

 आता ही कॅनडावाली काय करते कोण जाणे. पण मागून तिचा नवरा अँगस बोलला. हा माणूस थंडीभरात चार वाक्यं बोलायचा.

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" फर्न गर्रकन वळली.

"पहिली बिट्रिस गुलाबी होती. मग पांढरी आली. एकदा तर पट्ट्यापट्ट्यांची."

"आणि तू बोलला नाहीस?"

"तू म्हणालीस, वयानं रंग बदलतो. मला वाटलं, असेल बाबा. माझ्याही केसांचा बदलला."

हसावं की रडावं कळेना. फर्न काही वेळ नवऱ्याकडे, काही वेळ कुंडीकडे बघत राहिली आणि मग जाऊन आर्डिसला मिठी मारली. "दरवर्षी स्वतःच्या पैशानं नवी आणायचीस, वेडे!"

ग्रॅडी खांदा चोळत होता. त्यानं नोटिशींचं पुस्तक काढलं. "झालं असेल तर... रहिवाशानं जमिनीत झाड लावलं. तिसरी नोटीस."

"थांब रे," आर्डिस म्हणाली. तिनं पिंपाचा तुटका पट्टा उचलून हातात घेतला होता. सेल्मरनं ठोकलेला. "नियम नीट वाच. रहिवाशानं लावू नये. मी लावलं नाही. सेल्मरनं पिंपात लावलं होतं. पुढचं तिचं ती गेली."

"तिचं ती?"

"तिला नोटीस दे."

"पण झाड जमिनीत आहे, हे तर खरं?"

"खरं. आणि जमिनीत जे आहे ते कुणाचं?"

ग्रॅडीचं पेन थांबलं.

"बोल की. फाटकावर लिहिलंय."

"पार्कचं."

"मग घे," ती म्हणाली, आणि आवाज फुटला तिचा. पट्टा तिनं छातीशी धरला होता. "पिंपात होती तोवर माझी होती. आता तुझी. घे तुझं झाड."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे सेल्मर आला, खुर्ची टाकून बसलेला, फूट येतेय का बघणारा. ते झाड तिनं असं देऊन टाकताना बघवत नव्हतं.

"मग मी ते तोडेन," ग्रॅडी म्हणाला. पण जोर गेला होता.

"तोड की. रहिवाशाचं असतं तर रहिवाशानं तोडलं असतं. पार्कचं आहे, म्हणजे मॅनेजरनं तोडायचं. व्हर्ल, कुदळ आहे ना तुझ्याकडे? दे त्याला."

मी आणली. आमच्याकडे वीतभर माती आणि खाली चुन्याचा असा थर आहे की कुदळ मारली तर मारणाऱ्याचे दात हलतात. ग्रॅडीनं एक घाव घातला. टण्ण! कुदळ उडून परत आली. त्यानं गळ्यातला रुमाल सोडून मान पुसली, उन्हाकडे बघितलं, दाटीवाटीनं उभ्या म्हाताऱ्यांकडे बघितलं, आणि सावलीत आरामात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघितलं. मग तो गाडीत जाऊन बसला.

"पार्कची मालमत्ता," शेवटी तो म्हणाला. "कुणी हात लावायचा नाही."

आणि नोटिशींचं पुस्तक खिशात घातलं.

आता दर सकाळी पार्कचा मॅनेजर पार्कच्या झाडाला पार्कचं पाणी घालतो. आर्डिस सेल्मरची खुर्ची टाकून समोर बसते.

"बुंध्याशी नको रे! फांद्यांचा घेर संपतो तिथे घाल. मुळं तिथे असतात, तुझ्या डोक्यात नसली तरी."

"हो, मिसेस कोलस्टॅड."

"आणि बुंध्याला चुना मारलास का? ऊन लागून भाजेल."

"उद्या मारतो."

"काल पण उद्याच होतं."

लिंबू हवं असेल तेव्हा ती झाडाखाली उभी राहून मोठ्यांदा म्हणते, "पार्कची परवानगी आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता तोडते. बिट्रिस अजून आहे. फर्ननंच यंदा जाऊन नवी आणली, पिवळी, आणि सगळ्यांना सांगते की वय झालं.

मध्ये एका रविवारी मी आर्डिसकडे लिंबाचा केक खात बसलो होतो, तेव्हा कोरिनचा फोन आला. फोन जोरात ठेवलेला असतो, म्हणून मलाही सगळं ऐकू येतं.

"आई, फर्ननं कळवलं मला. झाडही गेलं ना आता? मग तिथे तुझं आहे काय? मी गाडी घेऊन येते. कुंड्या मागे घालू आणि ये इकडे."

"कुंड्या येतील गं. मला नाही येता यायचं."

"का पण?"

आर्डिस खिडकीबाहेर बघत होती. तिथून लिंबोणीचा खालचा भाग दिसतो, पिंप नसलेला. हळूच, पण अगदी स्पष्ट म्हणाली, "मी खालून गेलेय, कोरिन."

मी केक खाली ठेवला. आमच्या पार्कात हे वाक्य आपल्याबद्दल कुणी आपल्या तोंडानं म्हणत नाही.  तिकडे कोरिनचा स्वर एकदम मऊ झाला.

"आई... मला माहितीय गं. ते डायपरचं पण फर्ननंच सांगितलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. त्यात लाज कसली? वय झालं की होतं."

आर्डिसनं डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. मग फोनवर हात दाबून अशी हसली, अशी हसली की मी पाणी आणायला उठलो. डोळे पुसून, घसा साफ करून तिनं फोन परत कानाला लावला.

"हो गं," ती कण्हल्यासारखी म्हणाली. "तेच. म्हणून तर एवढा लांबचा प्रवास नको वाटतो."

"नको नको! तू तिथेच राहा. मी बघते काय करायचं ते."

पोरगी मनानं वाईट नाही, म्हटलं ना मी. आता दर महिन्याला फार्गोहून एक भलं मोठं खोकं येतं, उत्तम प्रतीच्या डायपरचं. आर्डिसनं फिरत्या छत्रीला आणखी चार कुंड्या टांगल्या आहेत.